खोट्या वॉर्डातला पेशंट

भावजयीबरोबर घरच्या निम्म्या चादरींच्या घड्या झाल्या आणि नणंदबाईंनी देवाचं नाव घेऊन कामावरून मिळालेला जाडजूड चष्मा डोळ्यांवर चढवला. दवाखान्यात वीस वर्षं आयाचं काम करूनही आता चष्म्यात दिसणाऱ्या खोट्या वॉर्डात परीक्षा पास झाल्याशिवाय नोकरी टिकणार नव्हती. पेशंटला कुशीवर वळवायला वेळ पुरला नाही, म्हणून त्या दोनदा नापास झाल्या होत्या. आजची संधी शेवटची.

"वन्सं, हात लावायच्या आधी तुम्ही तळवे चोळत बसता, त्यात वेळ जातो," भावजय म्हणाली.

"गार हात लागला की माणूस दचकतो गं."

"पण हा कुठे माणूस आहे?"

नणंदबाई हसल्या. मग मन घट्ट करून त्यांनी तळवे न चोळताच पेशंटला वळवलं आणि पास झाल्या.

चष्मा काढला तेव्हा चेहऱ्यावर आनंद होता, पण अर्धाच. "वळवायची रीत ह्या चष्म्यानं चांगली शिकवली, कंबर जराही भरली नाही," त्या म्हणाल्या. "पण हाताला ही घाई लागायला नको."

चारच्या पाळीत त्यांना दवाखान्यातल्या खिडकीजवळच्या खाटेवरच्या खऱ्या आजोबांना वळवायचं होतं. त्या चपला घालून, तळवे चोळतच निघाल्या.