घटनेत नसलेलं कलम

अंजनाताईंनी अंबरनाथच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात सव्वीस वर्षं काढली आणि युनियनच्या कामापायी कायद्याची पदवीही घेतली. वकिली केली नाही. कारखान्यातल्या कुणाला काढायचं म्हटलं की आधी त्याचं ऐकून घ्यायला लावायचं, एवढं मात्र हट्टाने केलं. निवृत्तीनंतर बदलापूरला, शिरगावच्या बुद्धविहाराच्या मंडळाने त्यांना अध्यक्ष केलं.

२००६ सालची गोष्ट. विहाराच्या बालवाडीला सलग चार दिवस सव्वाअकरालाच कुलूप. हे पाहिलं खुद्द अंजनाताईंनी, आणि तक्रारही त्यांचीच. शिक्षिका शीलाला काढून टाकायला सगळी कमिटी एका पायावर तयार.

"कलम बारा," सचिव भगवंतने मंडळाची घटना उघडली. "कर्मचाऱ्याला काढायचा अधिकार कार्यकारिणीला. सही करा, ताई."

"तिला बोलवा आधी."

"ऐकून घ्यायचं असं कुठल्या कलमात लिहिलंय?"

"कुठेच नाही. ‘नैसर्गिक न्याय’ हे शब्द देशाच्या राज्यघटनेत तरी दाखव मला! नाहीत. पण कोर्ट ते पाळायला लावतंच. अध्यक्षाने सचिवाच्या डोक्यावर बसू नये, हेही आपल्या घटनेत नाही. बसू?"

कमिटीतल्या बायका फिसकन हसल्या. अंजनाताई खुर्चीवरून उठल्या आणि सतरंजीवर जाऊन बसल्या.

"हे काय आता?" भगवंत म्हणाला.

"तक्रार माझी, मग निवाडा माझा कसा? रखमाबाई, बसा खुर्चीवर."

रखमाबाई उपाध्यक्ष. त्या अवघडून बसल्या. शीला आली ती पदर खोचूनच.

"शेजारच्या बिल्डरच्या खड्ड्यात अकराला सुरुंग उडवतात. सोमवारी मुठीएवढा दगड पत्रा फोडून आत पडला. पोरांना काय मरू देऊ? अकराच्या आत माझ्या घरी नेते, एकपर्यंत शिकवते. विचारा कुठल्याही आईला. भगवंतदादांना सोमवारीच सांगितलं, ते म्हणाले, बघू."

भगवंत पंख्याकडे बघू लागला.

"आणि ताई, तुम्ही कुलूप बघितलंत. चार पावलं पुढे येऊन मला विचारलं असतंत तर?"

अंजनाताईंचे कान तापले. अध्यक्षाला असं तोंडावर बोलायची छाती विहारात आजवर कुणाची झाली नव्हती. पण शरमेच्या जोडीला मनात काहीतरी ताठ उभं राहिलं होतं. मघाशी सही केली असती, तर या बाईची भाकरी आपल्याच हाताने गेली असती!

रखमाबाईंनी घसा खाकरला. "शीला कामावर राहील. पत्रा या आठवड्यात बदलायचा. भगवंत, लिही."

भगवंतने लिहिलं, ‘गैरसमजातून आलेली तक्रार निकाली.’

"गैरसमजातून कुणाच्या?" सतरंजीवरून आवाज आला. "माझं नाव घाल. अध्यक्षांनी चौकशी न करता तक्रार केली, ती चुकीची ठरली, असं लिही. आणि सोमवारी सचिवांना कळवलं होतं, तेही लिही."

"ताई, कायमचं राहील हो हे दप्तरात!"

"राहू दे की. वाचू देत पुढच्या अध्यक्षांना," अंजनाताई म्हणाल्या, आणि शीलाला त्यांनी सतरंजीवर आपल्या शेजारी जागा करून दिली.