पाठीमागची चीर

माझे वडील घाटरस्त्यावर मैलकुली होते. रस्त्यावर झुकलेला दगड हातोडीने वाजवून बघायचा आणि सुटलेला असेल तर पहारीने पाडायचा, हे त्यांचं काम. मी लोणावळ्यात मुलींच्या शाळेत भूगोल शिकवू लागले, तोवर ते कामावरून निवृत्त झाले होते. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता.

एकदा वर्गात मी सांगत होते, लाटांनी किनारा झिजतो. एका मुलीने विचारलं, "बाई, सगळीकडे लाटाच आहेत, मग किनारा वाकडातिकडा का?" "बघून सांगते," मी म्हटलं. त्या दिवाळीच्या सुट्टीत एसट्या बदलत मी वडिलांना हरिहरेश्वरला नेलं.

ओहोटी होती. एका हातात वहाणा, दुसऱ्या हातात लोखंडी टोकाची काठी घेऊन ते कातळावर उतरले. त्या मुलीचा प्रश्न मी त्यांना सांगितला. ते कातळ न्याहाळत पुढे गेले.

"लाट समद्यांना सारखीच मारती," ते म्हणाले. "दगूड सारखा न्हाई. जितं चिरा हायेत, तितं पानी आत घुसलंय. त्यो काळा दगूड एकसंध हाय, म्हनून पुढं ऱ्हायलाय."

एका कड्याखालचा मऊ थर पाण्याने खाल्ला होता. मी आत वाकून बघत होते, तेवढ्यात त्यांनी मनगट धरून मला मागे ओढलं. मग ते वळसा घालून कड्याच्या मागे गेले. तिथे वरपासून खालपर्यंत एक चीर होती. पुढून ती दिसतच नव्हती. पुढे येऊन त्यांनी तोच दगड काठीच्या टोकाने वाजवला. खणखणीत वाजला. ते कड्यापासून लांब जाऊन कातळावर बसले.

मी लहान असताना त्यांचा कामावरचा जोडीदार घाटात दरडीखाली सापडून गेला होता, एवढंच मला माहीत होतं.

"त्यो दगूड सकाळी मीच वाजवलाता," वडील म्हणाले. "चांगला वाजला. म्हनून त्याला तितं बसून भाकरी खा म्हनलं. मला वाटायचं, माझं ध्यान नव्हतं." त्यांनी कड्याकडे काठी केली. "मागं अशीच चीर असंल."

मी त्यांच्याजवळ बसले. भरतीचं पाणी पायाशी येईपर्यंत आम्ही उठलो नाही.

परत आल्यावर ते मला घेऊन लोणावळ्याजवळच्या औंढ्याला गेले. जोडीदाराच्या बायकोकडे, मावशींकडे, ते दर वर्षी जात, पण ओसरीवर टेकून, काही न खाता लगेच निघत. त्या दिवशी त्यांनी सगळं सांगितलं. मावशी तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"भाऊ, हे पोटात घिऊन इतकी वर्सं येत हुता व्हय?" त्या म्हणाल्या. त्यांनी पदराने डोळे टिपले. "मला वाटायचं, माज्या हातचं तुमाला आवडत न्हाई."

मग त्यांनी आम्हाला जेवायला थांबवलं. वडील दोनदा भात मागून घेऊन जेवले.