बाहेरच्या बाहेर

पार्ल्यातील आमच्या डॉक्टरांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे. जिना अरुंद, लिफ्ट नाही. अर्धांगवायूने पत्नीची डावी बाजू गेली, तेव्हा तो जिनाही तिच्यापुरता संपला. डॉक्टरबाई भल्या आहेत. त्या स्वतः खाली उतरतात आणि रिक्षातच रक्तदाब पाहतात, छाती तपासतात, औषध सांगतात. वर नंबर लावणारी मुलगी म्हणते, "काका, टेन्शन नाही. काकूंचं बाहेरच्या बाहेर करून टाकू." आमच्या इमारतीत या सोयीचे कौतुक होते. मीही ते करीत असे.

त्या सकाळी पत्नीला गाऊनवर ओढणी घालून देत होतो. ती म्हणाली, "आज मला आत बसून बोलायचंय. दार लावून."

"कशाबद्दल?"

"ते डॉक्टरांना सांगेन."

"त्या खाली येतातच की."

तिने उजव्या हाताने ओढणी सारखी केली. मग म्हणाली, "अहो, मी परत बाहेर बसायला लागलेय."

"रिक्षात तपासतात म्हणून? त्याला दुसरा इलाज काय?"

ती हसली. "राहू दे. रिक्षा बोलवा."

तिला काही सांगायचे आहे आणि ते चार लोकांत सांगण्यासारखे नाही, एवढे मला कळले. रिक्षात मी तिला दोनदा विचारले. ती रस्त्याकडे पाहत राहिली.

दवाखान्याखाली रिक्षा थांबवून मी वर गेलो. पत्नीला दार लावून बोलायचे आहे, असे नंबर लावणाऱ्या मुलीला सांगितले.

"मग वर आणा ना त्यांना."

"कशी?"

तिने जिन्याकडे पाहिले. "हां, ते पण आहे."

मी खाली आलो, पुन्हा वर गेलो, पुन्हा खाली आलो. शेवटी डॉक्टरबाई उतरल्या आणि रिक्षाशी वाकून उभ्या राहिल्या. मागे एका गाडीने हॉर्न धरला होता.

"काय होतंय, काकू?"

"काही नाही."

"काका म्हणाले, काही सांगायचंय."

पत्नीने समोरच्या आरशाकडे पाहिले. आरशात रिक्षावाल्याचे डोळे होते. त्याने शहाण्यासारखी मान फिरवली; कान कुठे फिरवणार?

"इथे नको, बाई," ती म्हणाली. "आज राहू दे."

"राहू देऊ नका," मी म्हणालो. आवाज चढला असावा, कारण डॉक्टरबाई सरळ उभ्या राहिल्या. तळमजल्यावर लेडीज टेलरचे दुकान आहे. त्यांनी तिकडे पाहून विचारले, "मास्टर, मापाची खोली रिकामी आहे?"

"आहे, मॅडम. पण कपडे पडलेत आत."

"पडू देत."

दुकानातली प्लास्टिकची खुर्ची आणून तीत बसवून रिक्षावाल्याने आणि मी तिला उचलले. "हळू रे," ती त्याला म्हणाली, "मी काय गॅसचा सिलिंडर आहे?" खोलीच्या दाराशी खुर्ची टेकली. मी आत पाऊल टाकले.

"तुम्ही नाही," ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी खुर्ची आत ओढून घेतली आणि आतून कडी लागली.

टांगलेल्या ब्लाउजांमध्ये मी उभा राहिलो. मास्टरने स्टूल पुढे केले. मी बसलो नाही. मग त्याने मशीन सुरू केली, बहुधा आतले बोलणे बाहेर येऊ नये म्हणून. ती बंद पडावी असे मला वाटत होते.

डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "काका, त्यांच्या अंगावरून लाल जातंय. महिना होत आला. या वयात असं होत असेल तर थांबायचं नसतं. आधी सोनोग्राफी करा, मग गर्भाशयाच्या आतला बारीक तुकडा काढून तपासायला पाठवू. वाईटच असेल असं नाही, पण उशीर नको. तुम्हाला काही बोलल्या नाहीत?"

आई होती तोवर आमच्या घरात पाळीच्या दिवसांत पत्नी बाहेर बसत असे: स्वयंपाकघराबाहेर, वेगळ्या चटईवर. आई गेली, प्रथा गेली, यथाकाल पाळीही गेली. शब्द तेवढा तिच्याकडे राहिला होता. मी तो रिक्षाला लावला.

"बोलली होती," मी म्हणालो.

घरी पोहोचण्याआधी रिक्षातूनच फोन लावायला सुरुवात केली. पहिल्या सोनोग्राफी केंद्रात उत्तर मिळाले, "थोड्याच पायऱ्या आहेत, अंकल. आमची माणसं उचलतात." मी फोन ठेवला. दुसऱ्या ठिकाणी लिफ्ट होती, पण तीत चाकाची खुर्ची मावत नव्हती. तिसरे अंधेरीला मिळाले. खुर्ची थेट खोलीपर्यंत जाते, दार रुंद आहे, आतून बंद होते, असे तिथल्या माणसाने सांगितले. उद्याची वेळ घेतली आणि तिला सगळे सांगितले.

तिने ऐकून घेतले.

"तपासायला बाई आहे का?"

ते मी विचारले नव्हते. पुन्हा फोन लावला.