वेबसाइटच्या फाटकावरचे हवालदार

आमचे हवालदार चार प्रश्न विचारल्याशिवाय कुणालाही आत सोडत नसत. नाव काय, कुठून आला, कुणाला भेटायचंय, किती वेळ लागेल. आमच्या मालकाची, म्हणजे शिरीषची, आई एकदा त्याचा जेवणाचा डबा घेऊन आली. तिलाही त्यांनी जिन्याच्या पहिल्या पायरीशी थांबवलं. "अहो, मी त्याची आई आहे," ती म्हणाली. हवालदारांनी 'कुणाला भेटायचंय' या रकान्यात 'पोराला' असं लिहिलं, तिची सही घेतली आणि मग बाजूला होऊन कडक सलाम ठोकला.

ते पाटणच्या वर, डोंगरातल्या एका वाडीचे. फौजेतून निवृत्त होऊन सांगलीत लेकीकडे राहायला आले होते. खरं तर फौजेत ते नाईक होते. हवालदार ही बढती त्यांना आम्ही दिली. त्यांनी एकदाच हरकत घेतली, "गड्या, हे बेकायदेशीर हाय," आणि नंतर गप्प बसले.

साल नव्व्याण्णव. मार्केट यार्डाजवळ हळदीच्या वखारीवर शिरीषने दोन खोल्या घेतल्या होत्या आणि परदेशातल्या मराठी माणसांना इंटरनेटवरून हळद आणि बेदाणे विकायचा धंदा काढला होता. मी वेबसाइटची पानं तयार करायचो आणि गिऱ्हाइकांच्या पत्रांना उत्तरं द्यायचो. पत्रं येत नसल्यामुळे मुख्यतः पानंच तयार करायचो. हवालदारांना ठेवलं होतं ते आमच्या तीन काँप्युटरवर लक्ष ठेवायला.

एके सकाळी मी शिरीषला म्हणालो, "काल अठ्ठावीस लोक येऊन गेले." दारात उभ्या असलेल्या हवालदारांचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला.

"काल? माझ्या ड्यूटीत?"

"इथे नाही हो. वेबसाइटवर."

"अठ्ठावीस मानूस आत गेलं आन् मला पत्ता न्हाई? मागनं दुसरा दरवाजा हाय का?"

मी त्यांना खुर्चीवर बसवून सगळं समजावलं. फोनची तार, दूर कुठेतरी ठेवलेला मोठा काँप्युटर, त्यावर आमचं पान आणि ते पान जगातून कुठूनही बघणारी माणसं. तासाभराने त्यांनी त्यातलं त्यांच्या कामाचं तेवढं उचललं. "म्हंजी गेट हाय, पर गेटवर कोन न्हाई." दुसऱ्या दिवशी ते नवी, लांबोडकी वही घेऊन आले. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : वेबसाइट, आवक-जावक.

त्या काळी पानावर येणाऱ्यांची संख्या दाखवणारा एक आकडा असे. कोणत्या देशातून आले, किती वाजता आले, कोणतं पान बघून गेले, एवढी माहितीही मिळे. शिरीष फक्त आकडा बघायचा. हवालदार मला बाकीचं सगळं वाचायला लावायचे आणि वहीत उतरवायचे. शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात नोंदी असत : 'आला. हळद बघितली. काय बोलला न्हाई. गेला.' 'बेदाण्यापाशी थांबला. बहुतेक फोन कटला.' 'फाटकातनंच माघारी.'

फाटकातूनच माघारी जाणारे फार होते. हवालदारांनी मनगटावरच्या घड्याळाने वेळ मोजली. पहिल्या पानावर शिरीषने हळकुंडाचं एक गोल गोल फिरणारं चित्र टाकलं होतं. ते उघडायला चार मिनिटं लागत. "सायेब, ह्ये गेट लय जड हाय," ते शिरीषला म्हणाले. "चार मिन्टं दारात हुबं केल्यावर पावनाबी घरी जाईल." शिरीष चिडला. फिरणारं चित्र मुंबईच्या एका मोठ्या कंपनीच्या पानावर पाहून त्याने मोठ्या हौसेने करून घेतलं होतं. शिवाय माणसं येत तर होतीच, आकडा वाढतच होता. "माणसं येतायत ना? मग?" तो म्हणाला.

"जत्रंत हत्ती बघाया समदं गाव येतंय, सायेब. हत्ती कोन घेत न्हाई."

एकदा त्यांनी मला खाली लिलावात नेलं. व्यापारी ढिगातून हळकुंड उचलत, मोडत, आतला रंग बघत आणि मगच बोलत. "तुमच्या गिऱ्हाइकानं मोडायचं कसं?" त्यांनी विचारलं. वर आल्यावर आम्ही एक हळकुंड मोडून सरळ स्कॅनरच्या काचेवर ठेवलं. चित्र झकास आलं, आतला रंग केशरासारखा दिसत होता. फक्त काचेवर चरे पडले आणि हळदही बसली. त्यानंतर आम्ही स्कॅन केलेला प्रत्येक कागद पिवळाच निघाला. शिरीषचा पासपोर्टचा फोटोसुद्धा कावीळ झाल्यासारखा आला आणि बाहेरून पुन्हा करून घ्यावा लागला.

हवालदारांनी वेबसाइटचे राउंडही सुरू केले आणि तेही वहीत मांडले. पहारेकऱ्याने दर तासाला फेरी मारायचीच, असा त्यांचा नियम. मग दर तासाला ते माझ्या खुर्चीमागे येत, मी पान उघडायचो, ते वरपासून खालपर्यंत बघत आणि "सब ठीक" म्हणून जात. पुढे ते बटण दाबायला शिकले. मी जेवायला गेलो की दोन राउंड जादा होऊ लागले.

पावसाळ्यानंतर पुण्याहून दोन पाहुणे आले. ते आमच्या धंद्यात भागीदार होतील, अशी शिरीषला आशा होती. ते झाले नाहीत तर दिवाळीनंतर खोल्या सोडाव्या लागणार होत्या आणि माझी नोकरीही जाणार होती. हवालदारांनी त्यांना चार प्रश्न विचारले, सह्या घेतल्या आणि वर आणलं. शिरीषने अभिमानाने आकडा दाखवला. थोरले पाहुणे खुर्चीत सावरून बसले. "सांगलीसारख्या गावातून एवढी माणसं? कमाल आहे!" शिरीषने सातारचे कंदी पेढे पुढे केले.

दारातून हवालदार एक पाऊल आत आले. "साब, त्यात माझे राउंड बी हायत."

"हवालदार, नंतर बोलू," शिरीष म्हणाला.

"नंतर कशाला? वही हाय की."

त्यांनी वही पाहुण्यांच्या पुढ्यात ठेवली आणि बोट ठेवून वाचू लागले. हे माझे राउंड. हे शिरीषसायेब घरनं बघतात, रोज तीन डाव. ह्ये त्यांचे मेव्हणे. ह्ये ह्या गड्याचे, काम म्हणून. वजाबाकी होत होत त्या भल्यामोठ्या आकड्यातली जेमतेम चाळीस माणसं उरली. धाकट्या पाहुण्यांनी अर्धा खाल्लेला पेढा बशीत ठेवला. पाचव्या मिनिटाला दोघेही जिना उतरले. हवालदारांनी त्यांची जाण्याची वेळ लिहिली.

शिरीष एवढा ओरडला, की खालच्या वखारीतले हमाल वर बघू लागले. "तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

"त्यांनी इचारलं की, एवढी मानसं कशी म्हनून."

"उद्यापासून येऊ नका."

हवालदारांनी सलाम केला. माझ्याजवळ येऊन त्यांनी वहीचं एक पान उघडलं. दर गुरुवारी, कॅनडातून, एकाच वेळेला कुणीतरी यायचं. शेऱ्यात लिहिलं होतं : 'गुरुवारवाली. मोडलेलं हळकुंड बघती. घेत न्हाई. पर येती.' वेबसाइटवर अभिप्राय लिहायची एक वही असे, तीत एका बाईने 'छान' एवढं एकच लिहून आपला ई-मेलचा पत्ता ठेवला होता, तोही गुरुवारीच. "हिला कागद लिव," ते म्हणाले. "नीट इचार. धा आठवडं मानूस दारात येऊन हुबं ऱ्हातंय. काय पायजे, कोन इचारनार का न्हाई?"

त्यांनी सांगितलं तसंच मी लिहून टाकलं. नोकरी जाणारच होती, त्यामुळे भीड राहिली नव्हती. 'ताई, आपण दर गुरुवारी येता. आमच्या हवालदारांच्या लक्षात आलं आहे. आमचं काही चुकतंय का?'

पाठवल्यावर मात्र वाटलं, आम्ही पाळत ठेवतो म्हणून बाई पोलिसात जाईल. चौथ्या दिवशी भलंमोठं उत्तर आलं. बाई मूळच्या रहिमतपूरच्या. ऑफिसात गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांना काँप्युटर मोकळा मिळे. हळद हवी होती, पण कुणाच्या हातात आपल्या कार्डाचा नंबर पडेल ते कळत नव्हतं. म्हणून त्या नुसत्या बघून जात. 'पलीकडे माणूस आहे हे आज समजलं,' असं त्यांनी लिहिलं होतं. त्यांना आणि त्यांच्या अकरा मैत्रिणींना वर्षाची हळद हवी होती. शेवटी विचारलं होतं, 'हवालदार खरंच आहेत का?'

शिरीषने ते पत्र उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं. त्याच दिवशी त्याने फिरणारं चित्र काढून टाकलं. रविवारी त्याच्या मोटारसायकलवर आम्ही पाटणला निघालो. रागावून हवालदार लेकीचं घर सोडून वाडीला गेले होते.

ते अंगणात बायकोसोबत भुईमूग निवडत होते. आम्हाला बघून त्यांनी सदरा घातला, बटणं लावली आणि मगच "या" म्हणाले. मी पत्र वाचून दाखवलं. त्यांनी तीनदा वाचायला लावलं.

"एवढं लिवाया किती येळ लागला आसंल?"

"अर्धा तास तरी."

"जेवनाच्या सुट्टीत," ते म्हणाले. "म्हंजी जेवली न्हाई बाई."

हा विचार आम्हा दोघांच्याही मनात आला नव्हता. शिरीष खाली मान घालून म्हणाला, "हवालदार, माझं चुकलं. परत चला."

"आता कशाला? तुमाला इचारता याया लागलं. मग माझं काय काम?" त्यांचा राग पार गेलेला होता, पण ते आले नाहीत. पुढची अडीच वर्षं आमचा धंदा चालला, तो पत्रं लिहून लिहूनच. हवालदारांची आणि माझी मात्र परत भेट झाली नाही. ते गेल्याचं त्यांच्या लेकीने मला बाजारात सांगितलं.

त्या रविवारी चहा झाल्यावर ते आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आले आणि सावधान उभे राहिले. शिरीष मोटारसायकल सुरू करेना.

"काय झालं?" मी विचारलं.

"ते उभे आहेत. त्यांना आत जाऊ दे, मग निघू."

आम्ही थांबलो. पाहुणे नजरेआड झाल्याशिवाय हलायचं नाही, म्हणून तेही थांबले. ऊन चढत होतं. एक एसटी येऊन गेली. कोणीच हलेना. शेवटी अंगणातून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "आवं, पाट करा की तिकडं! पोरं उनात वाळत्यात!"

हवालदारांनी जागच्या जागी कवायतीसारखी पाठ वळवली आणि तसेच उभे राहिले. मग आम्ही निघालो.