दोघांना एकच स्टेपनी

सिस्टरला निवृत्त होऊन वर्ष उलटलं, तरी गल्लीत तिला सगळे सिस्टरच म्हणतात. भाजीवाला म्हणतो, समोरची म्हातारी म्हणते, आणि चारचौघांत तिचा नवराही म्हणतो. तो बसचा ड्रायव्हर होता. माणूस एवढा उंच की बसच्या दारातून शिरताना मान वाकवायची सवय लागली, ती घरातही सुटली नाही. सिस्टर त्याच्या कोपराच्या थोडी वर. लग्नाच्या फोटोत फोटोवाल्याने तिला स्टुलावर उभं केलं होतं, तरी बाईसाहेब जेमतेम त्याच्या कानापर्यंत पोचल्या.

घरातल्या फळ्या, खुंट्या, आरसा, सगळं ड्रायव्हरने हौसेने स्वतः ठोकलं, आणि ठोकलं ते स्वतःच्या हाताला येईल तिथे. त्यात दुष्टपणा काही नव्हता. बायको बुटकी आहे हे त्याला दिसत होतं, पण फळी ठोकताना आठवत नव्हतं. सिस्टर टाचा उंचावून डबे काढायची आणि आरशात स्वतःचं कपाळ तेवढं बघायची. तक्रार म्हणून नाही. वॉर्डात जन्म गेला बिचारीचा. कोणाच्या मानेखाली उशी सरकव, कोणाची खाट खिडकीकडे वळव. दुसऱ्याची अडचण तिला दारातूनच कळायची. स्वतःची अडचण आली की मात्र, "माझं काय, चालतंय की," एवढं म्हणून मोकळी.

दोघांनी शिफ्टमध्ये संसार केला. ती रात्रपाळी करून यायची तेव्हा हा पहिली बस काढायला निघालेला असायचा. दारात किल्ली हातात द्यायची, भाजी कुठे ठेवलीय ते सांगायचं, झालं बोलणं. तेव्हाच कधीतरी ठरलं होतं की निवृत्त झाल्यावर दोघांनी सायकलवरून लेकीच्या गावी जायचं. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे लेक राहते, मध्ये एक घाट आहे. बसने गेलं तर एका दिवसाचं काम. पण दोघांना घाई नको होती. आयुष्यभर एकमेकांशी जे बोलायचं राहिलं ते रमतगमत बोलायचं होतं.

सायकली निवडायचं काम ड्रायव्हरने अंगावर घेतलं, आणि एकदा याने काम अंगावर घेतलं की दुसऱ्याने मध्ये पडायची सोय नसते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर टायर येऊन पडले. सिस्टर उरलेल्या कोपऱ्यात भाजी चिरायची आणि ऐकायची.

"चाकं दोघांची एकाच मापाची पाहिजेत," तो सांगायचा. "आमच्या डेपोचा नियम. एकाची गाडी अडली तर दुसऱ्याची स्टेपनी बसली पाहिजे. मग दोघांत मिळून एक टायर न्यायचा, दोन ट्यूब न्यायच्या. ओझं निम्मं."

यात चूक काहीच नव्हती. फक्त ते एक माप कोणाचं, हा प्रश्न त्याने स्वतःलाच विचारला आणि स्वतःच उत्तर दिलं. अठ्ठावीस इंची. मोठं चाक खड्ड्यावरून सहज जातं, वर अरुंद टायर आणि हवा दगडासारखी टच्च. सायकलवाल्याने त्या चाकांवर मिळेल ती सगळ्यात लहान फ्रेम सिस्टरसाठी शोधून दिली. तिचे पाय पेडलला पुरले, सगळे खूश झाले.

शाळेमागच्या मैदानात सराव सुरू झाला. सरळ रस्त्याला सिस्टर सुसाट जायची. पण हळू वेगात वळायला गेली की काहीतरी अडायचं, हँडल आखडायचं आणि बाई जमिनीवर. एकदा पडली, दोनदा पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा ड्रायव्हर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता. तिने उठून गुडघा झटकला आणि काही झालंच नाही असा चेहरा केला. घरी येऊन जखम स्वतःच धुतली. दुसऱ्यांच्या जखमा धुतलेला हात, त्याने बोभाटा केला नाही. तळहातांना मुंग्या यायच्या, त्याही तिने वयाच्या खात्यात टाकल्या. वय झालं आपलं, आता हे आपल्याच्याने व्हायचं नाही, अशी तिची खात्रीच पटली. घाटात तर अशी वळणंच वळणं. मग भांडी घासता घासता ती एक वाक्य पाठ करायला लागली: "तुम्ही व्हा पुढे, मी आपली बसने येते." ऐकणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून ते ती हसत हसत म्हणून बघायची.

हे वाक्य बोलायच्या आधीच ड्रायव्हर दोघांचे बूट पुसायला बसला. गणवेशाच्या दिवसांपासूनची सवय. सिस्टरच्या बुटाचं टोक घासून पांढरं पडलं होतं, वर रबराचा काळा ओरखडा. त्याने दुसरा बूट उचलला. तिथेही तेच.

"हे काय झालं?"

"मी पाय नीट ठेवत नाही," सिस्टर म्हणाली.

त्याने सायकल अंगणात काढली, तिला वर बसवलं, पाठीमागून सीट धरली. "पेडल पुढे घे. आता हँडल वळव." चाक वळलं आणि बुटाच्या टोकावर येऊन टेकलं. त्याने पुन्हा वळवायला लावलं. पुन्हा टेकलं. ड्रायव्हरने वाकून बूट आणि चाक यांच्यामध्ये बोट घालून बघितलं.

"लहान फ्रेम, मोठं चाक. तुझ्या पायाला जागाच नाही."

"मी शिकेन हो पाय सांभाळायला."

"तू कशाला शिकायचं?" तो म्हणाला. "सायकलची चूक आहे. म्हणजे माझी."

दुसऱ्या दिवशी दोघं दुकानात. सायकलवाला मान डोलवत म्हणाला, "बाईंना सव्वीस इंची चाकांची घेऊ, पाय सुटा राहील. तुमची राहू दे आहे तीच."

सिस्टरला संधीच मिळाली. "म्हणजे टायर दोन तऱ्हेचे, ट्यूब दोन तऱ्हेच्या. माझ्यापायी एवढं ओझं कशाला? त्यापेक्षा तुम्ही..."

"मलाही सव्वीस," ड्रायव्हर मध्येच म्हणाला.

सायकलवाल्याने त्याला खालून वर न्याहाळलं. "काका, एवढ्याशा चाकांवर तुम्ही सर्कशीतल्या अस्वलासारखे दिसाल."

"दिसू दे. लोकांची करमणूक होईल."

सिस्टरच्या तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं. टायर निवडायची वेळ आली तेव्हा ड्रायव्हरचा हात पुन्हा अरुंद टायरकडे गेला.

"रुंद घेऊया," ती म्हणाली. "हादरे बसून हात बधिर होतात माझे."

"आधी का नाही बोललीस?"

"आधी विचारलंत कुठे?"

यावर तो दोन इंच रुंदीचे टायर घेऊन आला. घरी हवा भरताना तो नेहमीच्या जोमाने पंप हाणायला लागला, तेव्हा सिस्टरने टायर अंगठ्याने दाबून बघितला, पेशंटच्या पायाची सूज बघावी तसा. "बस झाली. एवढी पुरे." त्याने पंप खाली ठेवला.

निघायच्या दिवशी गल्लीतल्यांनी बघून घेतलं. ड्रायव्हरच्या सीटची दांडी ही एवढी लांब, खाली इवलीशी चाकं. समोरची म्हातारी तोंडाला पदर लावून हसली, आणि तो तिला हात करून पुढे गेला.

घाटातला रस्ता खडीचा निघाला. रुंद टायर खडीवरून मुकाट्याने चालले. पहिलं अवघड वळण आलं, चढाचं, उलटं फिरणारं, चालण्याच्या वेगाने घ्यावं लागणारं. सिस्टरने श्वास धरला, हँडल वळवलं, पाय फिरत राहिला, आणि वळण मागे पडलं. वर जाऊन ती थांबली. ड्रायव्हर अजून खालीच, एक पाय टेकून उभा.

"काय झालं?" तिने वरून विचारलं.

"काही नाही. तुझा पाय बघत होतो."

तो धापा टाकत वर आला. रस्त्याकडेच्या कठड्यावर दोघं बसली, पाणी प्यायली. सिस्टरच्याने राहवेना.

"एक सांगू? मी येणार नव्हते. बसने येते म्हणणार होते."

"माहीत आहे."

"कसं?"

"भांडी घासताना म्हणायचीस की. मी पलीकडच्याच खोलीत असायचो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून तू थोडीच ऐकणार होतीस? तुझी एकटीची चाकं वेगळी घेतली असती, तर 'माझ्यामुळे सामान वाढलं' म्हणत तू घरी राहिली असतीस. ओळखतो मी तुला. म्हणून माझीही बदलली. म्हटलं, आता बघू कुठलं कारण काढते."

तिला रडू आलं. उभ्या जन्मात तिच्या मापाने कोणी काही घेतलं नव्हतं, आणि या माणसाने दोघांसाठी घेतलं होतं. "फार बरं केलंत हो," ती म्हणाली. डोळे पुसले, पण पुन्हा भरून आले, तेव्हा पुसायचे सोडून दिले. ड्रायव्हरने अवघडून पाण्याची बाटली तिच्यापुढे केली.

मग ती उठली, सायकलवर बसली आणि म्हणाली, "चला. पुढचं वळण दिसतंय."