कव्हरातला कॉम्प्युटर

आमचे दाजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, फर्निचरच्या दुकानात सेल्समन आहेत. जन्मभर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले सोफे विकले आणि तेच वेड घरी आणलं. सोफ्याला प्लास्टिक, गादीला प्लास्टिक, रिमोटला प्लास्टिक. उन्हाळ्यात त्या सोफ्यावरून उठायचं म्हणजे कातडं मागे ठेवून उठायचं. एकदा मी बोलले, तर म्हणाले, "वस्तू वापरली की तिची किंमत जाते." मग घेता कशाला हो? पण दाजींना प्रश्न खपत नाही. 'आज लवकर आलात?' एवढं विचारलं तरी कपाळाला आठ्या.

आणि अशा माणसाच्या पोटी माझी भाची जन्माला आली! डोळा उघडला की हिचं 'का' सुरू. दाजींनी तिचं नावच पाडलं, चोंबडी. जसं काही पोरीला रोगच झालाय.

शेजारच्यांनी घेतला म्हणून यांच्याकडेही कॉम्प्युटर आला. दाजींनी दुकानातलं जाड प्लास्टिक आणून टेबलाखालच्या सीपीयूच्या डब्याला मापाचं कव्हर केलं, चहूबाजूंनी टेप मारली. उघडं ठेवलं ते फक्त बटण आणि वायरी जायची भोकं. मशीन बंद असो की चालू, कव्हर निघायचं नाही. म्हणे, धूळ जाते!

दाजी दुकानात गेले की चोंबडी कॉम्प्युटरपुढे. कोणी शिकवलं नाही तिला, शिकवणार कोण? दिसेल ते बटण दाबून बघायची. एकदा तर सगळी भाषाच बदलून बसली. स्क्रीनवरचं एकही अक्षर कुणाला लागेना. ताईच्या तोंडचं पाणी पळालं. कुठलं चित्र कुठे होतं ते आठवून आठवून पोरीने सगळं होतं तसं केलं. मी विचारलं, "घाबरली नाहीस गं?"

"घाबरले ना. पण परत येता येतं का, ते मला बघायचं होतं."

पुढे तिला त्यात असं काहीतरी सापडलं की आपण हुकूम लिहायचे आणि स्क्रीनवरचं चित्र तसं हलतं. तिने एक मुंगी काढली. मुंगी सरळ चालायची, कडेला जाऊन अडकायची. ती वळून आपल्या वारुळात कशी येईल, याचाच पोरीला ध्यास. जेवतानाही ताटात बोटाने वळणं काढत बसायची.

आणि ऐन वेळी कॉम्प्युटर आपोआप बंद पडायला लागला. जरा चालला की फुस्स.

"लावलीस ना वाट?" दाजी कडाडले. "नसती उठाठेव! आता हात लावायचा नाही."

"बाबा, हात लावून बघा ना, प्लास्टिक तापलंय. मागे पंखा आहे, त्याची गरम हवा आतच राहते."

"आता तू मला शिकवणार?"

मी तिथेच बसले होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "दाजी, एक दुपार कव्हर काढा. बंद पडला तर ती पुन्हा हात लावणार नाही. नाही पडला, तर रोज तिला बसू द्यायचं. आहे कबूल?" जिंकायची त्यांना एवढी खात्री, की लगेच हो म्हणाले.

स्वतःची चामडी सोलावी तशी त्यांनी टेप सोलली. पोर खुर्चीच्या टोकाशी बसली. दुपारभर मशीन कुरकुरलंसुद्धा नाही. संध्याकाळी मुंगी कडेपर्यंत गेली, थबकली, वळली आणि तुरुतुरु वारुळात शिरली. चोंबडी किंचाळलीच! ताईने टाळ्या वाजवल्या. पोरीने बाबांकडे पाहिलं.

दाजी उठले, आतून टेपचं रीळ आणलं आणि कव्हर परत घातलं. "किती धूळ गेली असेल आत! आणि पोरगी शेफारली ती वेगळीच. बंद म्हणजे बंद."

"अहो, शब्द दिला होतात!" मी ओरडले. ताई उठून स्वयंपाकघरात गेली. पोर रडली नाही, तेच मला बघवेना.

त्यानंतर मधे बरेच दिवस गेले आणि परवा मी पुन्हा त्यांच्याकडे गेले. दुकानातले कोणी पाहुणे आले होते. दाजी कव्हरावर थोपटत सांगत होते, "बघा, एक ओरखडा नाही." भाची शेजारी हात मांडीवर ठेवून बसलेली. पाहुण्यांच्या हातात कसलं तरी नवीन यंत्र होतं, त्याकडे तिने मानसुद्धा वळवली नाही. दाजी कौतुकाने म्हणाले, "आता कशी शहाणी झालीय. काही म्हणजे काही विचारत नाही."

"वा दाजी," मी म्हटलं, "हिलापण कव्हर घातलंत की!"

दाजी हसले. त्यांना ती शाबासकी वाटली. अशा माणसाशी डोकं फोडून आपलंच डोकं फुटतं.

मी निघाले तशी पोर दारापर्यंत सोडायला आली. आत एकदा बघून घेतलं आणि हळूच म्हणाली, "मावशी, तुझ्या कॉम्प्युटरला कव्हर आहे का गं?"

मी तिचा हात धरला. म्हटलं, "चप्पल घाल. तुझ्या आईला मी सांगते."