दाराशी द्यायची पापी

मी तशी फटकळ बाई. अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत आल्यावर वर्षभरात गाडी शिकले, नोकरी मिळवली, आणि दुकानदाराशी हुज्जत घालून बिघडलेला मिक्सर परत करून आले. त्यामुळे मुलीच्या शाळेतून ते पत्रक आलं, तेव्हा मी मुळीच गांगरले नाही. ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. पहिलीतल्या मुलांना बाहुल्यांचा खेळ दाखवून शिकवलं होतं, की तुमचं शरीर तुमचं आहे. नको असेल तर नाही म्हणा, तिथून निघा, घरी सांगा. हेच पालकांनी पुन्हा समजावायचं होतं.

कांदा चिरता चिरता मी समजावलं. कुठल्या जागांना कुणी हात लावायचा नाही, ते न लाजता, स्वच्छ मराठीत सांगितलं. पत्रकात एक ओळ होती: माणूस ओळखीचा असला, घरातला असला, तरी हाच नियम. ती ओळ मी गाळली. अनोळखी माणसांपुरतंच सांगितलं. आपल्या लोकांत कुठलं आलंय असलं, हा माझा तोरा.

"काका लोक स्ट्रेंजर आहेत?" तिनं विचारलं.

"छे! काका आपलेच."

आणि काका तर आमच्याकडे पैशाला पासरी. सख्खे नातेवाईक भारतात राहिलेले, म्हणून इथे भेटलेला प्रत्येक मराठी पुरुष काका आणि प्रत्येक बाई मावशी. दर रविवारी कुणाकडे तरी जेवण, आणि निघताना दाराशी ठरलेला कार्यक्रम: मुलांनी सगळ्यांना पापी द्यायची. लाजणाऱ्या मुलांना आम्ही आयाच पुढे ढकलायचो.

त्या रविवारी ज्यांच्याकडे जेवायला गेलो, ते काका आम्हाला पहिल्या दिवशी विमानतळावर घ्यायला आले होते. दोन महिने आम्ही त्यांच्या बेसमेंटमध्ये राहिलो होतो. त्यांचा शब्द आम्ही खाली पडू देत नसू. निघताना त्यांनी लेकीचे दोन्ही हात धरले. "माझा टोल दिल्याशिवाय सुटका नाही!"

"नो," ती म्हणाली.

सगळे हसले. काकांनी पकड घट्ट करून गाल पुढे केला. माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "दे गं एक, काका आहेत ना!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रडली नाही. "मम्मी, आय सेड नो."

मला कानफटात बसल्यासारखं झालं. आत्ता मी गप्प बसले, तर ही पोर पुन्हा मला काही सांगणार नाही, हे तिथल्या तिथे कळलं.

"काका, सोडा तिला. ती नाही म्हणतेय."

"अगं, मस्करी करतोय मी! मला काय समजतेस तू?"

"तुम्ही चांगलेच आहात. पण तिचं नाही म्हणजे नाही. सोडा."

त्यांनी हात सोडले. मावशी उगाचच डबा भरायला आत गेल्या. नवऱ्यानं बुटाच्या नाड्या दोनदा बांधल्या. माझा आवाज जरासुद्धा कापला नाही. त्या आवाजाचा मला अजून अभिमान वाटतो.

गाडीत नवरा म्हणाला, "त्यांचे आपल्यावर केवढे उपकार आहेत, यार."

"आहेत. ते मी फेडीन. ती नाही फेडणार."

मागच्या सीटवरून प्रश्न आला, "मिशीवाल्या काकांना पण नाही द्यायची? अँड द वन हू स्क्वीझेस?" बोटं दुमडत तिनं पाच जण मोजले. त्या पाचही जणांपुढे तिला पाठीवर हात ठेवून ढकलणारी मीच होते.

"नको असेल तर कुणालाच नाही," मी म्हणाले. "आपल्या माणसांनाही नाही. पत्रकात तसं लिहिलं होतं, मी तुला सांगितलं नाही. माझं चुकलं."

मोठ्यांनी मुलांपुढे चूक कबूल करायची आमच्यात पद्धत नव्हती.

"ओके," ती म्हणाली. "देन कॅन आय टेल यू अबाउट वन मोर काका?"

नवऱ्याला गाडी बाजूला घ्यायला लावली आणि मी उतरून मागे तिच्याशेजारी जाऊन बसले. तिनं काय सांगितलं, ते इथे लिहिणार नाही. ती गोष्ट तिची आहे. त्या माणसाला मी पुन्हा आमच्या घराची पायरी चढू दिली नाही, आणि का, ते त्याला तोंडावर सांगितलं.